नवऱ्याला शारजाहून ‘लाँग लीव्ह’वर घरी पाठवतायत, सही करावी का?

धारगळची_सून
नमस्कार सगळ्यांना, खूप दिवस नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर शारजाला आहेत, एसी डक्टिंगचं काम, फोरमन, एकाच कंपनीत ११ वर्षं झाली. बेसिक २,२०० दिरहम, वर ओव्हरटाइम, रूम कंपनीची. कंपनी छोटी आहे, मोठ्या काँट्रॅक्टरच्या हाताखाली काम घेते. तीन महिने पगार नाही. आधी म्हणाले वरून बिल अडकलंय, मग म्हणाले प्रोजेक्ट होल्डवर आहे, आता म्हणतात जगातच मंदी आहे आम्ही तरी काय करणार. आणि गेल्या सोमवारी ४० जणांना एकेक कागद दिला, सहा महिने बिनपगारी रजा, तिकीट कंपनीचं, काम आलं की बोलावू. सही करून आठवडाभरात द्या म्हणाले. बऱ्याच जणांनी दिली पण. हे म्हणतात नुसतं बसून कॅम्पात पैसे खर्च करण्यापेक्षा घरी तरी येतो, चतुर्थी पण घरी होईल. मला काही सुचत नाहीये. मुलगी म्हापशाला कॉलेजला आहे, घराचं लोन चालू आहे, माझं सोनं आधीच बँकेत ठेवलंय.

दुसरी गोष्ट या प्रश्नाची नाही पण मनातून जात नाही म्हणून लिहिते. आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत, तिथे झारखंडची चार मुलं भाड्याने राहतात, मांद्रेच्या बाजूला एका साइटवर सेंटरिंगचं काम करतात. ती पण पंधरा दिवस घरीच आहेत. त्यातला एक परवा दारात येऊन म्हणाला, भाभी, ठेकेदार बोलता है ऊपर से बिल अटका है, किराया अगले महीने चलेगा क्या. अगदी तेच शब्द हो. सकाळी शारजाहून फोनवर ऐकले आणि संध्याकाळी माझ्याच दारात. मी त्याला काही उत्तरच देऊ शकले नाही.

कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा. सही करावी की नाही? आणि त्या मुलांना कुठे पाठवू?

कॅम्पवाला
वहिनी आधी एकच सांगतो, आजच फोन करून सांगा, सही करू नका. बाकीचं मग वाचा.

मी ९ वर्षं शारजा आणि अजमानला टाइमकीपर होतो, लेबर कॅम्पच्या ऑफिसात, असले कागद माझ्या हातून गेलेत म्हणून सांगतोय. बिनपगारी रजा म्हणजे नोकरी कागदावर चालूच राहते, म्हणजे कंपनीला ग्रॅच्युइटी द्यावी लागत नाही, नोटीस द्यावी लागत नाही, आणि रजेचे ते महिने सर्व्हिसमध्ये पण धरत नाहीत. आणि सहा महिनेच का लिहिलेत ते बघा. यूएईच्या बाहेर सलग १८० दिवसांपेक्षा जास्त राहिलं की रेसिडेन्सी व्हिसा गेलाच समजायचं. सहावा महिना संपताना फोन लावला की उचलत नाहीत, आणि मग तुम्ही धारगळला बसून शारजाच्या कंपनीशी कसं भांडणार. मी कुणाच्या मनातलं सांगत नाही, काही मालकांना खरंच वाटतं काम परत येईल, पण काम आलं नाही तर नुकसान पूर्ण कामगाराचं. आणि बिनपगारी रजा दोघांच्या संमतीनेच होते, त्यांनी सही केली नाही तर जबरदस्तीने पाठवता येत नाही.

आता हिशेब बघा. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांची बेसिक, त्याच्या पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांची. २,२०० भागिले ३० म्हणजे दिवसाला ७३ दिरहम आणि वर थोडे. पाच वर्षांचे ७,७०० आणि पुढच्या सहा वर्षांचे १३,२००, एकूण २०,९०० दिरहम. दिरहमला २३ रुपये धरले तरी ४ लाख ८० हजार होतात वहिनी. त्यात तीन महिन्यांची नुसती बेसिक ६,६००, शिल्लक रजेचे पैसे वेगळे. एवढी रक्कम त्या एका सहीखाली अडकवायची?

अजून एक. २०२३ पासून तिथे नोकरी गेल्याचा इन्शुरन्स सगळ्यांना सक्तीचा आहे, १६,००० पर्यंत बेसिक असेल तर महिन्याला ५ दिरहम. बहुतेकांनी दंड नको म्हणून भरलाय आणि विसरून गेलेत. सलग १२ महिने भरला असेल आणि कंपनीनेच काढलं असेल तर बेसिकच्या ६० टक्के तीन महिन्यांपर्यंत मिळतात. पण क्लेम ३० दिवसांच्या आत टाकायचा, आणि माणूस तिथे कायदेशीर हजर पाहिजे. राजीनामा दिला तर काही नाही. म्हणून नोकरी-व्हिसा कॅन्सलेशनच्या कागदावर कारण काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय, अरबीत असलं तर कुणाकडून वाचून घेतल्याशिवाय, तिथेही सही नको.

पगार बँकेतून किंवा एक्स्चेंजच्या कार्डावर येतो ना? मग तो डब्ल्यूपीएस म्हणजे तिथल्या सरकारच्या पगार-देखरेखीच्या सिस्टिममधून येतो, २००९ पासूनची पद्धत आहे, पगार आला नाही की त्यांच्या मनुष्यबळ मंत्रालयाला कॉम्प्युटरवर दिसतं. तक्रार मंत्रालयाच्या अॅपवर टाकता येते. ५० हजार दिरहमच्या आतला दावा असेल तर २०२४ पासून मंत्रालय स्वतःच निकाल देऊ शकतं, कोर्टापर्यंत जायची वेळ बऱ्याचदा येत नाही, यांचा त्यातच बसतो. दुबईच्या आपल्या वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, सल्ला फुकट मिळतो. पासपोर्ट कंपनीने ठेवला असेल तर तो पण मागून घ्यायला सांगा, ठेवायचा हक्कच नाही त्यांना.

म्हापसेकर
वरचं सगळं बरोबर आहे. पण खोल्यांचं म्हणाल तर रिकाम्या करून घ्या ताई, एकदा भाडं थकलं की थकतच जातं. आणि खरं सांगू का, आमच्या पोरांना इथे काम नाही आणि बाहेरून येणाऱ्यांची काळजी आपण करायची, हे मला पटत नाही. मंदीत आधी आपल्या माणसांचा विचार व्हावा एवढंच म्हणणं आहे.

जुना_कुवेतकर
बाये, मी कुवेतला हॉटेलच्या किचनमध्ये होतो. २ ऑगस्ट १९९० ला इराक घुसला तेव्हा माझं वय ३१. आदल्या महिन्याचा पगार मिळाला नव्हता, बँका बंद, दिनारला कुणी हात लावेना. बसने बगदाद, तिथून जॉर्डनची बॉर्डर, तंबूत दिवस काढले, मग अम्मानहून एअर इंडियाने मुंबई. त्या वेळी १ लाख ७० हजारांच्या आसपास आपली माणसं आणली. मुंबईत उतरलो तेव्हा अंगावरचे कपडे आणि एक प्लास्टिकची पिशवी.

त्या पिशवीत काय होतं ते सांगायला लिहितोय. सिव्हिल आयडी, पासपोर्ट, बँकेचं पासबुक, दोन जुन्या पगाराच्या स्लिपा. आईने नंतर विचारलं सोनं टाकून हे कागद कशाला आणलेस. पुढे युनोने नुकसानभरपाईचं कमिशन नेमलं, कुवेत सोडून जावं लागलं त्या एकट्या माणसाला २,५०० डॉलर, दुसरा कुठला दावा करणार नाही लिहून दिलं तर ४,००० डॉलर. मी ४,००० वाला फॉर्म भरला. वर्षं गेली त्यात, पण मिळाले, आमच्या कोरगावच्या घराचं छप्पर त्याचं आहे. माझ्याबरोबर किचनमध्ये भांडी घासणारा एक मुलगा होता आंध्रचा, त्याच्याकडे एक कागद नव्हता, एजंटाने नेलेला, पासपोर्टही मालकाकडे. त्याला काही मिळालं की नाही मला आजपर्यंत कळलं नाही. अजून आठवतो तो.

तुझ्या नवऱ्याला सांग, काँट्रॅक्ट, लेबर कार्ड, हजेरी, बँकेची एंट्री, सगळ्याचे फोटो काढून आज रात्रीच तुझ्या मोबाइलवर पाठव. त्याचा मोबाइल हरवला तर तुझ्याकडे राहतील.

आणि म्हापसेकर, बाबा, अम्मानच्या तंबूत आम्हाला पाणी देणारे लोक आमचे कोण लागत होते?

टिपर_पाळी
म्हापसेकरांना राग नाही, मी पण तसंच बोलायचो.

मी खाणीवर टिपर चालवायला दिले होते, तीन. २०१० च्या सुमाराला आमच्या इथे दिवसरात्र रांग, गोव्यातून वर्षाला ५ कोटी टनांवर माल जायचा, आणि जवळजवळ सगळा चीनला कारण आमचं हलकं लोहखनिज दुसरं कोण घेणार. चीनमध्ये काय होतंय ते पाळीच्या चहाच्या टपरीवर कळायचं, २००८ मध्ये तिकडे स्टीलचे कारखाने थंडावले तर इथे बार्ज मांडवीत उभ्या. ती पहिली धडकी. मग २०१२ ला बंदी आली, ती मंदीमुळे नव्हे, बेकायदा खाणकामामुळे, सरकार आणि सुप्रीम कोर्टाने थांबवलं. मधे थोडं सुरू झालं तेव्हा मालाला भाव नाही, १९० डॉलरपर्यंत गेलेलं टन २०१५ च्या शेवटी ४० च्या खाली. आणि मार्च २०१८ ला परत सगळं बंद.

आता सांगायचं ते हे. मी ट्रकमालक, गोव्याचा, रेशनकार्ड इथलं, तर मला सरकारची मदत मिळाली, बँकेच्या कर्जात सवलत मिळाली. पुरेशी नव्हती पण मिळाली. माझ्या तिन्ही गाड्यांवर जे ड्रायव्हर होते त्यातला एक सांगेचा आणि दोघे बाहेरचे, एक कर्नाटकातला आणि एक बिहारचा. त्या दोघांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. कशात असणार, मीच कधी त्यांचा कागद केला नव्हता. बिहारवाला सात वर्षं माझ्याकडे होता, माझ्या मुलाला त्याने गाडी शिकवली, जाताना त्याला मी दोन महिन्यांचा पगार देणं होतो आणि अर्धाच दिला कारण माझ्याकडेच नव्हता. उरलेला द्यायचा राहिला तो राहिलाच. तेव्हा मी पण त्याला हेच म्हणालो होतो, वरून बिल आलं नाही. खरंच आलं नव्हतं, पण त्याच्या घरी ते सांगून चूल पेटत नाही.

त्यामुळे ताई सही करू नका हे बरोबर, पण हिशेब हातात पडल्यावर मात्र आणा त्यांना. वाट बघत बसण्यात माझी चार वर्षं गेली.

खांडोळ्याचा_मास्तर
अर्थशास्त्र शिकवतो, थोडं लिहितो, लांबलं तर माफ करा.

मंदीत बांधकाम पहिलं का थांबतं? कारण ते उद्याच्या आशेवर, उधारीच्या पैशाने चालतं. १५ सप्टेंबर २००८ ला न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली आणि जगभर बँकांनी एकमेकांना उधार देणं थांबवलं, त्या उधारीवर दुबईचे टॉवर उभे राहत होते. नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई वर्ल्ड या तिथल्या सरकारी कंपनीने २६ अब्ज डॉलरच्या कर्जाची मुदत वाढवून मागितली तोपर्यंत कितीतरी क्रेन बंद पडल्या होत्या. टॉवरच्या मालकाने मोठ्या काँट्रॅक्टरचे थांबवले, त्याने छोट्याचे, छोट्याने फोरमनचे. पैसा वरून खाली येताना प्रत्येकजण आपली सोय बघून मग सोडतो, म्हणून सगळ्यात खालच्याला सगळ्यात शेवटी मिळतो, आणि थांबायचा मात्र त्याचा सगळ्यात आधी थांबतो. त्यात गल्फमध्ये व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की थोड्या मुदतीत देश सोडायचा, म्हणजे दुसरं काम शोधायला किंवा भांडायला वेळच नाही. २०१४ नंतर तेल १०० डॉलरवरून ३० च्या खाली उतरलं तेव्हा सौदीत तेच, २०१६ मध्ये हजारो भारतीय कामगार पगाराविना कॅम्पात अडकले, जेवणाची सोय दूतावासाला करावी लागली.

गंमत नाही, दुःखाचीच गोष्ट आहे, पण हे आकड्यांत दिसत नाही. २०२० मध्ये जागतिक बँकेने एप्रिलमध्ये अंदाज केला की भारतात येणारा परदेशातला पैसा २३ टक्क्यांनी घटून ६४ अब्ज डॉलर होईल. प्रत्यक्षात आला ८३ अब्ज, म्हणजे जवळजवळ तेवढाच. लोक म्हणाले बघा, काही झालं नाही. पण अशा वेळी रुपया घसरतो, २००८ च्या सुरुवातीला डॉलर ४० च्या आत होता तो मार्च २००९ ला ५१ वर गेला, आणि दिरहम डॉलरला बांधलेला, त्यामुळे ज्याची नोकरी टिकली त्याचे इथे जास्त रुपये होतात. आणि ज्याची गेली तो आयुष्यभराची बचत एकदम घरी पाठवतो, तीही त्याच आकड्यात जमा. घर मोडून आणलेला पैसा आणि पगाराचा पैसा बँकेला सारखाच दिसतो.

उलटी बाजूही आहे. गल्फची दारं आपल्याला उघडली तीच मुळात एका संकटात. १९७३ ला तेलाचा भाव काही महिन्यांत ३ डॉलरवरून ११-१२ वर गेला, युरोपचे कारखाने अडचणीत आले, जर्मनीने त्याच नोव्हेंबरात परदेशी कामगारांची भरती बंद केली, आणि तोच पैसा आखातात जाऊन तिथे रस्ते, बंदरं, हॉटेलं उभी राहू लागली. कुवेतकर काका ज्या किचनमध्ये होते ते किचनही त्यातलंच असणार.

दोडामार्ग_टू_थिवी
ताई, मी रोज दोडामार्गहून थिवीला येते, फॅक्टरीत एचआरला आहे, त्या चार मुलांचं मी सांगते.

पहिलं, ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी मुख्य मालकाची असते, ज्याची साइट आहे त्याची. ठेकेदार पळाला म्हणून पैसे बुडाले असं नाही. मांद्रे पेडणे तालुक्यात, तिथलं काम म्हणजे म्हापशाच्या लेबर ऑफिसात लेखी अर्ज करायचा, चौघांची नावं, किती दिवस काम, रोज किती ठरला होता, साइट कुठे. हजेरीची वही ठेकेदाराकडे असते म्हणून मुलं घाबरतात, पण मोबाइलमध्ये साइटवरचे फोटो असतात, ठेकेदाराचे व्हॉट्सॅप असतात, मागचे पैसे फोनवर आलेले असतात, ते सगळं चालतं. हिंदी येणारं कुणीतरी सोबत जा, एकटी गेली की दारातूनच परत येतात, मी बघितलंय.

दुसरं, बांधकाम कामगारांचं कल्याण मंडळ असतं, प्रत्येक मोठ्या बांधकामावर १ टक्का सेस त्यासाठीच घेतात. वर्षात ९० दिवस काम केलेला, १८ ते ६० वयाचा कामगार नोंदणी करू शकतो, कुठल्या राज्यातला ते बघत नाहीत. पण नोंदणीच नसते कुणाची. तिसरं, रेशन. वन नेशन वन रेशन कार्डमध्ये गोवा आणि झारखंड दोन्ही १ जानेवारी २०२० पासून आहेत. गावचं कार्ड आधारला जोडलेलं असेल तर त्यांच्या वाट्याचं धान्य धारगळच्या दुकानात मिळायला पाहिजे, आणि इथे उचललं तेवढंच तिकडच्या घरातून कमी होतं हे पण त्यांना सांगा, नाहीतर गावी भांडण.

फॅक्टरीत असाल तर वेगळं, तिथे पगारातून ईएसआय म्हणजे कामगार विमा कापला जातो. २०१८ ला त्यात नोकरी गेलेल्यांसाठी भत्ता आणला, कोविडमध्ये तो रोजच्या सरासरी पगाराच्या २५ वरून ५० टक्के केला, जास्तीत जास्त ९० दिवस. कोविडनंतर आमच्या इथल्या काढलेल्या मुलांचे फॉर्म मी स्वतः भरलेत. ज्यांचा कापला होता पण मालकाने भरलाच नव्हता त्यांना काही देता आलं नाही, ते तोंडावर सांगताना फार वाईट वाटायचं.

मी स्वतः महाराष्ट्राची, रोज गोव्यात कामाला येते. २०२० ला बॉर्डर बंद झाली तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणांचे पगार थांबले. म्हापसेकर काका, तुमच्या हिशेबात मी पण बाहेरचीच.

तारवटी_८८
क्रूझवर होतो २०२० ला. मार्चमध्ये पॅसेंजर उतरले, आम्ही नाही. बंदर घेईना. केबिनमध्ये बसून घरी सांगायचं सगळं ठीक आहे. काँट्रॅक्ट संपलं की पगार बंद, आणि पुढच्या काँट्रॅक्टला दीड वर्ष लागलं मला, तेवढा काळ काकाच्या होडीवर गेलो मासे मारायला. तिथे माझ्या बाजूला जाळं ओढत होता तो ओडिशाचा, लॉकडाऊनमध्ये तो मालीमला बोटीतच राहिला होता, उतरू देत नव्हते. दोघांना एकमेकांचं बोलणं धड कळायचं नाही पण ही गोष्ट लगेच कळली.

वहिनी, मिस्टर फोनवर ठीक आहे म्हणत असतील तर जेवतात का ते रूममधल्या दुसऱ्याला विचारा.

म्हापसेकर
वाचलं सगळं. माझा मुलगा दोन वर्षं घरी आहे डिप्लोमा करून, त्या तिडिकीने लिहिलं. मुलांना खोलीबाहेर काढा म्हणालो ते नको होतं. लेबर ऑफिस माझ्या घरापासून चालत आहे, मला हिंदी येतं. बुधवारी सकाळी त्यांना म्हापशाला पाठवा, मी येतो सोबत.

धारगळची_सून
देव बरें करूं सगळ्यांचं. रात्री जागून दोनदा वाचलं, आणि तसंच्या तसं त्यांना फोनवर वाचून दाखवलं.

सही केली नाही. तारवटीभावजींनी लिहिलं म्हणून रूममधल्या मल्याळी मुलाला विचारलं, तर कळलं पंधरा दिवस एकदाच जेवतात, खुबूस म्हणजे तिथली रोटी आणि डाळ, मला म्हणत होते बिर्याणी खाल्ली. मी खूप रडले पण त्यांना कळू दिलं नाही. इन्शुरन्स सापडला, दोन वर्षांचा एकदम भरलाय. आणि सही न केलेले हे एकटे नाहीत, सात जण आहेत, दोन नेपाळी, एक बांगलादेशी, बाकी आपले. सातही जण मिळून अॅपवर तक्रार टाकतायत. कंपनीच्या सुपरवायझरने बोलावून सांगितलं की तक्रार केली तर परत घेणार नाही. यांनी विचारलं, आता कुठे घेतलंय.

मुलांनी मोबाइल काढून दाखवला, मार्चपासूनचे साइटचे फोटो आहेत, एकात तर ठेकेदार स्वतः उभा आहे. म्हापसेकर काका, बुधवारी सकाळी साडेनऊची बस धरतील, दोघेच येतील, दोघांना एका दिवसाचं काम मिळालंय तुयेला. भाडं मी या महिन्याचं मागितलं नाही, पुढचं बघू.

कॅम्पवाला दादा एक विचारायचं राहिलं, मधल्या चार महिन्यांच्या हजेरीचे कागद यांच्याकडे नाहीत, ऑफिसमधून देत नाहीत. नुसतं बँकेचं स्टेटमेंट चालेल का?

कॅम्पवाला
चालेल. ११ वर्षांचं पूर्ण काढायला सांगा, फक्त शेवटच्या वर्षाचं नको. आणि स्टॅम्प मारून घ्या बँकेचा.